रंध्याचा तळ आरशासारखा चमकत असेल तर आधी पैसे देऊ नका

'इंग्लंडचा ओरिजिनल स्टॅनले, 4 नंबर, रेडी टू यूज.' मोबाइलवरची जाहिरात, भाव साडेचार हजार, पैसे आगाऊ. रंधा सागवानावर पहिल्याच हाताला थरथरला. खोलून पाहिला तर बॉडी एकीकडची, फ्रॉग (पातं ज्यावर टेकतं तो तिरका तुकडा) दुसरीकडचा, पातं तिसरीकडचं.

स्टॅनलेचं नाव होतं ते फक्त लिव्हर कॅपवर, म्हणजे पातं दाबून धरणाऱ्या वरच्या झाकणावर. कॅप एका स्क्रूवर बसते, मापाच्या कुठल्याही बॉडीवर चढवता येते. म्हणून नाव बिडाच्या ओतकामात शोधा: 'बेली' (स्टॅनलेच्या या रंध्यांचं नाव) आणि नंबर बॉडीवरच उठावाच्या अक्षरांत असतो. इथे काळा एनॅमल इतका जाड फासला होता की अक्षरं बुजली असावीत असं वाटावं. रंग खरवडल्यावर खाली काहीच नाही.

खरी लबाडी तोंडाशी, म्हणजे तळातून पातं बाहेर येतं त्या फटीशी होती. फटीच्या कोपऱ्यापासून कडेपर्यंत तडा, त्यात लोखंडाचा कीस मिसळलेलं इपॉक्सी आणि वरून पॉलिश. रंधा हातातून पडला की बीड बहुधा तिथेच तडकतं, कारण फटीच्या दोन्ही बाजूंना धातू सगळ्यात कमी. फ्रॉग, मूठ, सगळं काढून नुसती बॉडी बोटावर लटकवा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका. शाबूत बीड खणखणतं. तडकलेलं फुटक्या मडक्यासारखं बद्द वाजतं. शंका राहिलीच तर तोंडाभोवती रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरडं पुसून खडूची पूड चोळा. भराव घातला तरी टोकाला केसाएवढी चीर उरते, तिथे ओली रेघ उमटते.

आता तो चकचकीत तळ. बेल्ट सँडरवर धरला की टोकं जास्त खाल्ली जातात आणि मध्ये फुगवटा राहतो. स्टीलची पट्टी तळावर उभी धरून उजेडाकडे बघा. पुढचं टोक, तोंडाच्या लगेच पुढची जागा आणि मागचं टोक, या तिन्ही ठिकाणी ती टेकली पाहिजे; तोंडासमोर 0.05 मिमीची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पत्री) खाली शिरता कामा नये. खोलगट तळ काचेवरच्या 80 नंबर पॉलिश पेपरवर सरळ होतो (पातं आत ओढून, पण कॅप आवळलेली ठेवून, कारण त्या दाबाने तळ किंचित वाकतो). फुगीर तळ मात्र पेपरवर झोके खातो आणि आणखी गोल होतो. त्याला आधी मधला भाग कानशीने उतरवावा लागतो, आणि हे काम फार कमी जण नीट करतात.

पात्याची धार निळी पडलेली असेल तर ग्राइंडरवर तापून पाणी उतरलंय, म्हणजे पोलाद मऊ पडलंय, तिथे कानस सहज धरते. तेवढा भाग घासून टाकायचा तर पात्यातल्या लांब खाचेच्या खाली पोलाद किती उरतंय ते आधी मोजा. फ्रॉग स्क्रूशिवाय जागेवर ठेवून कोपरे दाबा. डुगडुगला की थरथर आलीच. मुठीला चीर असेल तर तिकडे दुर्लक्ष करा, ती चिकटवता येते.

हा रंधा परत गेला नाही. पात्याला धार लावली होती, तेवढ्यावर विक्रेत्याने 'वापरलेला माल' म्हणून हात वर केले. पार्सल फोडतानाच व्हिडिओ काढा आणि वरच्या सगळ्या तपासण्या धारेच्या दगडाला हात लावण्याआधी उरका.