पहिला टॅटू: नाजूक रेषांचा की ठसठशीत?

पहिला टॅटू म्हटलं की बहुतेकांचा ओढा नाजूक रेषांकडे असतो. दिसायला देखणा, लपवायलाही सोपा. पण खरा फरक काही वर्षांनी कळतो.

शाई त्वचेच्या दुसऱ्या थरात, साधारण 1 ते 2 मिलिमीटर खोल बसते. तिथल्या पेशी ती धरून ठेवतात, तरी वर्षांगणिक रेषा थोडी पसरतेच. बारीक अक्षरांत हे आधी दिसतं: ‘क्ष’मधल्या पोकळ्या भरत जातात आणि अक्षराचा नुसता ठिपका उरतो. ठसठशीत रेषेला पसरायला जागा असते, त्यामुळे आकार शाबूत राहतो. मात्र मन बदललं आणि टॅटू पुसायचा झाला, तर तिच्यात शाई जास्त असल्याने लेझरच्या फेऱ्या वाढू शकतात, आणि दोन फेऱ्यांमध्ये काही आठवडे थांबावं लागतं.

मला विचाराल तर नाव किंवा ओळ हवी असेल तेव्हा अक्षर मोठंच घ्या. छोटं फूल, पान दंडावर नाजूक चालेल. बोटांवर मात्र नकोच. तिथली त्वचा सतत घासते, रेषा तुटक होते. कलाकाराकडे ताज्या कामाचे नव्हे, जुन्या, पूर्ण भरून आलेल्या टॅटूंचे फोटो मागा.