संतुलित खतमात्रा आणि नायट्रेट पट्टी : मक्याच्या एका हंगामानंतर

माती परीक्षणानुसार नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) द्यायचं आणि मातीतलं नायट्रेट, म्हणजे पिकाला मिळणारं नत्राचं एक रूप, रंग बदलणाऱ्या चाचणी-पट्टीने तपासायचं, ही जोडी मक्यात हंगामभर वापरली. पट्टी कामाची आहे. मात्र स्फुरद-पालाशचा हिशोब बिघडलेला असेल, तर तिच्यावरचा आकडा हमखास चुकीचा वाचला जातो.

मात्रा हेक्टरी १२०:६०:४० किलो (नत्र:स्फुरद:पालाश). डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) १३० किलो घेतलं की स्फुरद पूर्ण होतं, वर २३ किलो नत्र मिळतं. उरलेल्यासाठी युरिया २१० किलो आणि पालाशसाठी एमओपी (म्युरेट ऑफ पोटॅश) ६७ किलो. डीएपी-एमओपी पेरणीलाच, युरिया तीन हप्त्यांत. जमिनीत गंधक कमी असेल तर डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट ३७५ किलो घ्यावं. त्यातून नत्र येत नाही, म्हणून युरिया २६० किलोंवर जातो. तिन्ही अन्नद्रव्यं सारख्या प्रमाणात असलेल्या १९:१९:१९ या मिश्रखताची पिशवी सगळीकडे ओतणं हे संतुलन नव्हे.

आता पट्टी. पीक १५ ते ३० सेंटीमीटर उंच असताना, वरखताआधी (उभ्या पिकाला द्यायच्या युरियाच्या हप्त्याआधी), दोन ओळींच्या मधून ३० सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती १५-२० जागांहून घ्यायची. डीएपीच्या काकरीतली घेतली तर आकडा भलताच चढतो. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात १.४७ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड (डायहायड्रेट) विरघळवायचं. खुणांच्या नळीत ते ३० मिली घेऊन पातळी ४० मिलीला येईपर्यंत ओलसर माती टाकायची, ढेकळं फुटेपर्यंत हलवायचं, गाळ बसू द्यायचा. वरच्या नितळ पाण्यात पट्टी क्षणभर बुडवून ६० सेकंदांनी रंग जुळवायचा. मध्यम पोताच्या मातीत आलेला आकडा साधारण २ने भागला की नायट्रेट-नत्र (नायट्रेटच्या रूपातलं नत्र) मिलिग्रॅम प्रति किलोत मिळतं. ते २५च्या वर असेल तर वरखत टाळावं. या थरात १ मिलिग्रॅम म्हणजे हेक्टरी सुमारे ४ किलो नत्र.

चुका होतात त्या इथे: पाणी गढूळ असताना वाचन, डबी उघडी राहून पट्ट्या आधीच गुलाबी होणं, आणि ओली माती पिशवीत दिवसभर उन्हात ठेवणं. त्या पिशवीत जिवाणू नायट्रेट बनवतच राहतात. सगळ्यांत महागात पडतं ते युरिया टाकल्यावर दोन-तीन दिवसांत तपासणं. युरियाचं आधी अमोनियम होतं, नायट्रेट व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. पट्टी फिकी दिसते आणि माणूस आणखी युरिया टाकतो.

पालाश न दिलेल्या ओळींत युरिया तेवढाच होता. तिथे खालच्या पानांच्या कडा करपल्या, कणसं टोकाकडे पोचट राहिली, आणि काढणीनंतर पट्टी शेजारच्या ओळींपेक्षा गडद आली. मुळांनी घेतलेलं नायट्रेट वर पानांकडे जाताना पालाश सोबत लागतो. तो कमी पडला की उचल मंदावते, नत्र जमिनीतच राहतं. नायट्रेट ऋणभारित असल्याने मातीचे कण त्याला धरत नाहीत. पुढच्या जोरदार पावसात ते मुळांखाली उतरतं आणि तिथून भूजलात. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली नायट्रेटची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे. त्यामुळे काढणीनंतरची गडद पट्टी ही सुपीकतेची खूण समजू नये. आधी पालाश, स्फुरद, गंधक, जस्त तपासावं, आणि रान रिकामं न ठेवता उरलेलं नत्र उचलणारं पीक लगेच पेरावं.

भाताच्या चिखलणीच्या रानात या पट्टीचा उपयोग नाही. तिथे हवेअभावी नत्र मुख्यतः अमोनियम रूपात असतं.