सोलरची निर्मिती आणि घराचा वापर एकाच आलेखात: आठ महिन्यांचा अनुभव

छतावर ३ किलोवॅटचे पॅनेल बसून दीड वर्ष झालं. पहिले दहा महिने मी रोज संध्याकाळी इन्व्हर्टरचं, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राचं, अ‍ॅप उघडायचे, ‘आज १२ युनिट’ वाचायचे आणि खूश व्हायचे. घराचा खप ९ युनिटच्या आसपास, म्हणजे आपली वीज आपल्याला पुरून उरते असंच मी धरून चालले होते. पण नेट मीटरवर (बाहेर दिलेली आणि बाहेरून घेतलेली वीज वेगवेगळी मोजणारं मीटर) ग्रिडमधून, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्यातून, घेतलेली वीज रोज ६ युनिटनी वाढत होती, आणि ते कसं, हे काही केल्या कळेना.

इन्व्हर्टरला फक्त आपल्यातून किती वीज गेली तेवढंच ठाऊक असतं. पुढे ती घरात वापरली गेली की बाहेर गेली, हे कळायला ग्रिडकडून येणाऱ्या मुख्य वायरीभोवती सीटी क्लॅम्प, म्हणजे वायरीतून जाणारा करंट मोजणारा चिमटा, लावावा लागतो. वायर कापावी लागत नाही, पण मेन बोर्ड उघडावा लागतो, म्हणून हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. आणि हा क्लॅम्प ज्या मीटरला जोडायचा, ते घेताना व्होल्टेजही मोजणारं घ्या. नुसता करंट मोजणाऱ्याला वीज येते आहे की जाते आहे हे ओळखता येत नाही, आणि सोलरच्या घरात नेमकं तेच हवं असतं.

आमच्याकडे क्लॅम्प आधी उलटा बसला होता. भर दुपारी घरात फ्रिज आणि पंखे सोडून काही चालू नसताना या मीटरचं अ‍ॅप ३७०० वॅटचा वापर दाखवत होतं, आणि रात्री वापर चक्क उणे! घराचा वापर म्हणजे निर्मिती अधिक आलेली वीज वजा गेलेली वीज. पॅनेल २००० वॅट देत होते आणि १७०० बाहेर जात होते. दिशा उलटल्यामुळे वजा व्हायचे ते १७०० अधिक होत होते. क्लॅम्पवरच्या बाणाकडे बघा, आणि पहिल्या रात्री आकडा नक्की तपासा.

क्लॅम्प सरळ झाला आणि दोन्ही रेषा एकाखाली एक आल्या. निर्मितीचा डोंगर दुपारी, वापराची टेकाडं सकाळी साडेसहाला आणि रात्री आठनंतर. १२ पैकी जेमतेम ३ युनिट थेट घरात लागत होते, बाकीचे ९ बाहेर. उत्तर इतकं साधं होतं, पण दहा महिने एकच आकडा पाहून ते मला दिसलं नव्हतं.

मग गीझर, वॉशिंग मशीन आणि पाण्याचा पंप दुपारवर नेले. पहिला आठवडा फसला, कारण सगळं एकदमच लावलं. २००० वॅटचा गीझर आणि पाणी गरम करून कपडे धुणारं वॉशिंग मशीन एका वेळी चालू झालं की पॅनेल कमी पडतात आणि तेवढी वीज बाहेरून येते. आता ११ वाजता गीझर, तो बंद झाला की मशीन, त्यानंतर पंप. बाहेरून येणारी वीज ६ वरून ४ युनिटवर आली. मात्र दिलेलं युनिट आणि घेतलेलं युनिट तुमच्या बिलात समसमान वजा होत असेल, तर या धावपळीने बिल फारसं हलणार नाही. दिलेल्या युनिटला कमी भाव मिळत असेल तिथे फरक पडतो.

बिल खरं हललं ते रात्रीच्या रेषेमुळे. सगळे झोपल्यावरही घर १८० वॅट ओढत होतं. चोवीस तासांचे हे ४.३ युनिट, म्हणजे जवळजवळ निम्मा खप! एकेक प्लग काढून पाहिला. सेट-टॉप बॉक्स, जुना अ‍ॅम्प्लिफायर, कायम चालू असलेला संगणक, आणि दाराचं रबर सैल झाल्यामुळे थांबतच नसलेला फ्रिज. आता ९५ वॅटवर आलंय.

पॅनेलबद्दलही बरंच कळलं. कडक उन्हाळ्यात आकडा उलट उतरतो. पॅनेलवर लिहिलेली क्षमता त्यातल्या सोलर सेलचं तापमान २५ अंश धरून मोजलेली असते, आणि त्यावर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घट होते. पॅनेल ६० अंशांवर तापला की दहाव्या हिश्शाहून जास्त क्षमता तिथेच जाते. दुपारी तीनला आलेखात रोज एक खाच पडायची, ती पाण्याच्या टाकीच्या सावलीची निघाली. धूळ ओळखायची तर धुण्याआधीचा आणि नंतरचा, असे दोन निरभ्र दिवस ताडून पाहावेत. ढगाळ दिवसाशी तुलना करून काही हाती लागत नाही.

तक्रारी दोन. अ‍ॅप पाच मिनिटांची सरासरी दाखवतं, त्यामुळे दोन मिनिटं चाललेली २००० वॅटची किटली ८०० वॅटची दिसते. आणि वायफाय गेलं की आलेखाला भोक पडतं. म्हणून दर महिन्याच्या १ तारखेला नेट मीटरचे दोन्ही आकडे मी वहीत लिहिते. अ‍ॅपचा हिशोब त्यापेक्षा २-३ टक्क्यांनी वेगळा येतो, आणि बिलाशी ताळा घालताना मी वहीच उघडते.