गेटवरची निदर्शनं: दिवाणी कोर्ट की औद्योगिक न्यायालय?

कारखान्याच्या गेटवर मंडप, लाल झेंडे, आत अडकलेला मालाचा ट्रक. मालकाचा वकील बहुधा आधी दिवाणी कोर्टाकडे पाहतो: मनाई हुकूम मागायचा, गेटपासून अमुक मीटरच्या आत घोषणा नकोत. मागणी सुटसुटीत. पण तिथे संप का झाला हा प्रश्न बाजूलाच राहतो. दिसतो फक्त अडलेला रस्ता.

महाराष्ट्रात १९७१ चा कामगार संघटना मान्यता व अनुचित प्रथा प्रतिबंध कायदा आहे. संप न करणाऱ्यांना गेटवर शारीरिकरीत्या अडवणं, घेराव, मालकाच्या घरासमोर निदर्शनं, हे सगळं त्यात संघटनेच्या अनुचित प्रथांमध्ये मोडतं. तक्रार ९० दिवसांत औद्योगिक न्यायालयात करायची. अंतरिम आदेशही तिथेच मिळतो. शिवाय याच कायद्याचं कलम ६० म्हणतं, ज्याची तक्रार औद्योगिक न्यायालयात होऊ शकते त्यावर दिवाणी दावा नाही. युनियनच्या वकिलाची पहिली हरकत हीच.

सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स खटल्यात सांगितलं: हक्क तेव्हाच्या केंद्रीय औद्योगिक विवाद कायद्यानेच दिला असेल तर दाद त्याच कायद्याखाली, हक्क सर्वसाधारण कायद्यातला असेल तर दिवाणी कोर्ट आणि तो कायदा, दोन्ही दारं उघडी.

माझं मत औद्योगिक न्यायालयाकडे झुकतं. तिथे मालकाच्या अनुचित प्रथाही तितक्याच तपासता येतात.