पहिला बॉल पायथन: प्रदर्शनातल्या टेबलावरून की घरगुती ब्रीडरकडून?

अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या आणि पहिला बॉल पायथन (पाळला जाणारा छोटा, बिनविषारी आफ्रिकी अजगर) घेऊ पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. भारतात नियम वेगळे आहेत: 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तिथला स्थानिक अजगर पाळता येत नाही आणि बॉल पायथनची नोंदणी सक्तीची आहे.

शिकागोजवळच्या टिन्ली पार्कला किंवा जर्मनीतल्या हामला सरीसृपांच्या प्रदर्शनात टेबल लावणारे मोठे ब्रीडर (सापांची पैदास करून पिल्लं विकणारे) नवख्याला झिडकारतात, असं मी म्हणणार नाही. पण गर्दीत दोन मिनिटं मिळतात आणि ती मॉर्फवर (रंग-नक्षीचा प्रकार), हेट (न दिसणारा, पण पुढच्या पिढीत उतरू शकणारा जनुक) असण्याची शक्यता किती टक्के यावर संपतात. फायदाही मोठा आहे. वीस पिल्लं शेजारी-शेजारी बघता येतात, हातात घेऊन डोळ्यांभोवती आणि हनुवटीखाली माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे) आहेत का, तोंडाशी बुडबुडे येतात का, हे तपासता येतं. स्पायडर मॉर्फचं डोकं डुलणं हा मज्जासंस्थेचा दोष आहे. ते लहानपणीचं आहे, जाईल, असं कुणी म्हणालं तर पुढच्या टेबलाकडे वळा.

घरगुती ब्रीडर आधी तुमचीच परीक्षा घेतो. साप ठेवायच्या टाकीचा फोटो, थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) कुठे लावलाय, आठवडाभराचं तापमान, हे सगळं मागतो आणि तोवर पिल्लू देत नाही. अनेकांना हा अपमान वाटतो. मला ती आस्था वाटते, कारण चुकलेली टाकी पिल्लू घरी आल्यावर दुरुस्त करणं फार अवघड जातं.

माझ्यापुरता निकाल लागला तो एका उत्तरावर. "खातं का?" या प्रश्नाला टेबलावर बहुतेकदा "हो, मस्त खातं" एवढंच ऐकू येतं. या उत्तराचा काही उपयोग नाही. जिवंत माऊसची सवय लागलेलं पिल्लू फ्रोझन (मारून गोठवलेला) रॅट महिनोन्‌महिने नाकारू शकतं. मग नवखा माणूस घाबरून रोज भक्ष्य पुढे करतो, पिल्लाला सारखं हाताळतो, आणि ते आणखी अडून बसतं. हवी असते ती शेवटच्या सहा-आठ खाण्यांची नोंद: तारीख, माऊस की रॅट, जिवंत की फ्रोझन, भक्ष्याचं वजन, पिल्लाचं वजन, आणि नकार दिले तेही. घरगुती ब्रीडरकडून ती बहुधा न मागता येते.

दुसरी अडचण जागेची. पिल्लू वाढलेलं असतं ब्रीडरच्या रॅकमधल्या (खणांच्या मांडणीतल्या) अंधाऱ्या, दमट प्लास्टिकच्या टबात, आणि आपण ते चार फुटी काचेच्या टाकीत सोडतो. तीन बाजू झाकाव्यात, दोन्ही टोकांना अंगाला घट्ट बसतील असे हाइड (लपायचे आडोसे) ठेवावेत आणि जाळीच्या झाकणाचा बराचसा भाग फॉइलने बंद करावा. गरम टोक 31 ते 33 अंश सेल्सियस, थंड टोक 25 ते 27, आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर. पहिला आठवडा हात लावू नये, मग ब्रीडर देत होता तेच भक्ष्य द्यावं, पिल्लाच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के. फ्रोझन असेल तर रात्रभर फ्रिजमध्ये वितळवून, कोमट पाण्यात गरम करून, संध्याकाळी चिमट्याने. नाकारलं तर सात दिवस पुन्हा विचारू नये. लागोपाठ नकार आणि वजनात घट दिसली की ब्रीडरला फोन करायचा, आणि तेव्हा तो उचलला जाणं महत्त्वाचं. घरगुती ब्रीडर उचलतो, निदान माझा अनुभव तसा आहे. मोठ्यांमध्येही असे लोक आहेत, पण प्रदर्शनाच्या हंगामात त्यांना गाठणं कठीण.

किंमत घरगुती ब्रीडरकडे थोडी जास्त पडेल, आणि निवडही मोजक्याच पिल्लांतून करावी लागेल. दुसरा-तिसरा साप घेताना प्रदर्शन कदाचित जास्त सोयीचं. पहिल्यासाठी मात्र मी घरगुती ब्रीडरच सुचवेन. तरीही टेबलावरूनच घ्यायचा असेल, तर दोन दिवसांच्या प्रदर्शनात पहिल्या दिवशी फक्त बघा, खाण्याची नोंद मागून ठेवा, आणि ती रात्रीपर्यंत आली तरच दुसऱ्या दिवशी पैसे द्या.