रेअर स्प्रिंग बल्बचा पॅक, सात महिन्यांनंतर: फुलं आली, लेबलं अजून आलेली नाहीत

काल बल्ब पाठवणाऱ्या कंपनीचा परत मेसेज, "आपका अनुभव कैसा रहा, रेटिंग दीजिए". हा पाचवा. म्हटलं आता लिहूनच टाकते, एकदाचं.

पॅक चाळीस बल्बचा, म्हणजे फुलझाडांच्या कांद्यांचा, हिरव्या जाळीच्या पिशवीतला, १,८९० रुपये. म्हणजे एक बल्ब सव्वासत्तेचाळीसला पडला. आत काय काय येतं, तर हायब्रिड ट्यूलिप दहा, क्लूसियाना ट्यूलिप आठ, आयरिस रेटिक्युलाटा आठ, मस्कारी आठ, सिला पाच आणि तो एक मोठा क्राउन इम्पीरियल. सगळे थंड मुलखातले, आणि मी राहते ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात, जिथे मे महिन्यात गच्चीवर अनवाणी पाय टाकता येत नाही. तरी घेतले. तीन वर्षांपूर्वी श्रीनगरला गेलो होतो, झबरवानच्या पायथ्याची ट्यूलिप गार्डन, २००७ साली सुरू झालेली, ती बघून डोक्यात किडा शिरला होता. आणि आमच्याकडे जानेवारीत असली थंडी पडते की बर्फ पडायचंच काय ते बाकी असतं, मग का नाही येणार, असं माझं लॉजिक.

तर मुद्दा लेबलांचा. पिशवी उघडली नवरात्रात. चाळीसच्या चाळीस बल्ब एकाच जाळीत कालवलेले. आणि वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात सहा चकचकीत टॅग, फोटोसकट, एका रिंगमध्ये ओवलेले, जसा काही किल्ल्यांचा जुडगा. कुठला टॅग कुठल्या बल्बचा, काही नाही. अहो, सहा छोट्या पिशव्या करून वर एकेक टॅग बांधायला किती खर्च येतो? किराणावाला दहा रुपयांची मोहरी आणि दहा रुपयांचं जिरं वेगळ्या पुड्यांत देतो.

फोन केला. पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, "मैडम, फूल आने पर पता चल जाएगा." हे वाक्य मी सात महिने विसरलेली नाही. फूल आल्यावर कळेल! म्हणजे लावायचं कसं ते फूल आल्यावर कळणार. कोण खोल जातो, कोण उथळ, कोण आडवा, ते आधी कळायला हवं ना. रिफंड मागितला तर म्हणे जिवंत मालाची तक्रार सात दिवसांत करायची असते, खराब निघाल्याचा फोटो टाका. बल्ब सात दिवसांत खराब निघाला की चांगला, हे त्या बल्बला तरी ठाऊक असतं का?

मग मीच बसले जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून, चष्मा लावून. दोन संध्याकाळी गेल्या, आणि खरं सांगते, मजा आली. रेटिक्युलाटा सगळ्यात आधी सापडला, त्याच्या अंगावर धाग्यांची विणलेली जाळी असते, नावच त्यावरून पडलंय. सिलाचं साल काळपट जांभळं. मस्कारी फिक्कट, छोट्या कांद्यासारखा. हायब्रिड ट्यूलिप मोठे, तपकिरी, टोकदार, एक बाजू चपटी. क्लूसियाना त्याच्याच घरातला पण बारका, आणि शेंड्याशी साल जरासं सोललं तर आत चक्क लोकर निघते, बोटाला लागते. क्राउन इम्पीरियलला टॅगची गरजच नव्हती, मोसंबीएवढा, मधोमध भोक आणि वास असा की ओलं कुत्रं हिंगाच्या डब्यात बसलंय. मी आधी सडलाय समजून बाहेर अंगणात ठेवला होता, मग वाचलं की वास जन्मजात आहे, आणि भोक जुन्या दांड्याचं, त्यात पाणी साचू नये म्हणून त्याला कलता लावतात. झालं की नाही सगळं आधी कळायला हवं असलेलं!

पुढे फ्रिज. ग्वाल्हेरची थंडी पुरत नाही, हे मला उशिरा उमगलं. रात्री पारा पाच-सहापर्यंत उतरतो, कधी खालीही जातो, पण दुपारी ऊन पडलं की शाल काढून ठेवावी लागते, आणि हा सगळा खेळ दीड-दोन महिन्यांचा. ट्यूलिपला नऊ डिग्रीच्या खाली सलग बारा ते सोळा आठवडे लागतात. थंडी कडाक्याची नको, लांबलचक हवी. म्हणून बल्ब कागदी पाकिटांत घालून फ्रिजच्या भाजीच्या ट्रेमध्ये ठेवले. पाकिटांवर नावं मी लिहिली, स्केचपेनने, आणि तिथेच चुकले, कारण फ्रिजच्या ओलीने आठवड्यात ती फुटली, निळे डाग नुसते.

आणि मग ते झालं. मी माहेरी गेले होते दोन दिवस. सासूबाईंनी आमटीला कांदा म्हणून ट्रेमधून एक उचलला. सोलला. कापला. नंतर मला म्हणाल्या, "डोळ्यात पाणी आलं नाही गं, तेव्हाच शंका आली." देवाची कृपा की शंका आली, कारण हे बल्ब खायचे नसतात, ट्यूलिपने पोट बिघडतं आणि सिलात तर हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. १९४४-४५च्या दुष्काळी हिवाळ्यात हॉलंडमध्ये लोकांनी ट्यूलिपचे बल्ब खाल्ले होते, तेही मधला पिवळा कोंब काढून, उपासमारीने. आमच्याकडे भाजीवाल्याची गाडी सकाळ-संध्याकाळ दारात येते हो! आता म्हणा मला की लेबलांचं मी उगाच लावून धरलंय.

त्या कापलेल्या अर्ध्या फोडी मात्र त्यांनी वाटीत झाकून ठेवल्या होत्या, मला दाखवायला. उभा कापलेला. पांढऱ्या जाड पाकळ्यांच्या मधोमध, तळाशी चिकटून, गव्हाच्या दाण्याएवढी पिवळसर कळी. चिमट्याने जरा उकललं तर आत सहा पाकळ्यांचे नखाएवढेही नाहीत असे पापुद्रे आणि मधे केसरांचे ठिपके. म्हणजे फूल ऑक्टोबरमध्येच तयार झालेलं असतं, आत, मिटलेलं. आपण फूल आणत नाही, ते फक्त मारायचं नसतं. सासूबाई कितीतरी वेळ ती वाटी खिडकीशी धरून बघत होत्या.

आणि नेमकी तेव्हाच मी त्याला मारत होते. त्याच ट्रेमध्ये दोन किलो पेरू आणि सफरचंदं. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि आतली ती कळी त्याने बल्बमध्येच वाळते, वरून काही कळत नाही. हे वाचलं तोवर तीन आठवडे झाले होते. मग यांच्या दुकानातला छोटा फ्रिज, गेल्या साली ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यातून डिस्काउंटमध्ये घेतलेला, तो घरी आणवला. आत साठ रुपयांचा थर्मामीटर लटकवला, पाच ते सातमध्ये काटा राहिला. दुकानात गिऱ्हाइकाला थंड पाणी नाही म्हणून हे दोन महिने कुरकुरत होते. तिथे मी कंपनीच्या त्या टॅगच्या रिंगचं काय करणार होते, ती फ्रिजची किल्ली अडकवायला वापरली. तेवढा एक उपयोग.

बारा आठवडे झाले, मेळा लागला आणि डिसेंबरच्या शेवटी लावले. कुंड्या मातीच्या, तळाशी विटांचे तुकडे, निम्मी रेती. बल्बच्या उंचीच्या तिप्पट खोल. ट्यूलिपची चपटी बाजू कुंडीच्या काठाकडे करायची, म्हणजे पहिलं रुंद पान बाहेरच्या बाजूला पडतं, ही युक्ती खरी आहे, करून बघा. शेजारच्या काकू म्हणाल्या, लसूण एवढ्या प्रेमाने कशाला लावतेस.

इथपर्यंतची बरीचशी हकीकत मी जानेवारीच्या मधेच लिहून ठेवली होती, एक स्टार देऊन, तीही जाळीला. धुक्याचे दिवस होते, कुंड्यांत शुकशुकाट, आणि मी रोज सकाळी मफलर बांधून रेतीकडे बघत उभी. आता खालचं वाचा.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रेटिक्युलाटा आला. वीतभर उंचीचा, गर्द जांभळा, खालच्या पाकळीवर पिवळी रेघ. पान नीट फुटायच्या आधी फूल. आठातले तीनच, आणि तीन-चार दिवसांत संपले, पण सकाळी दव असलेल्या कुंडीत ते बघणं, काय सांगू. मी फोटो काढून कंपनीला पाठवला, खाली लिहिलं, "फूल आलं. कळलं. हा रेटिक्युलाटा." उत्तर नाही.

मस्कारी आठातले पाच, निळ्या द्राक्षांचे बारके घोस. सिला पाचातला एकच, तोही मातीला चिकटून, देठच नाही. पण त्या एकाने धमाल केली. त्याचे परागकण निळे असतात, पिवळे नाही, निळे, नातीने बोट लावलं आणि बोट निळं, सासूबाई म्हणाल्या कपड्यांची नीळ सांडली वाटतं. हायब्रिड ट्यूलिप, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, पॅकवर ज्यांचा एवढा मोठा फोटो, नवातल्या (दहावा सासूबाईंनी कापलेला) आठांना पानं, फुलं दोन. दोघांचे देठ बोटाएवढे, फूल पानांतच बसलेलं, म्हणजे थंडी कमी पडली. बाकी सहांच्या कळ्या वर आल्या आणि कागदासारख्या सुकल्या. पेरूची मेहेरबानी. क्राउन इम्पीरियलने सगळ्यांच्या आधी हातभर कोंब काढला, वास सोडला, आणि मार्चच्या उन्हात मान टाकली. त्याचं घर काश्मीरपासून पार तुर्कस्तानपर्यंतचे डोंगर, त्याला लष्करातली गच्ची मानवणार कशी, माझीच हाव.

पण क्लूसियाना! आठातले सहा. हा पॅक घेऊ की नको विचारत असाल तर उत्तर हे एकटं फूल आहे. बाहेरून तीन पाकळ्यांवर गुलाबी-लाल पट्टा, कडा पांढऱ्या, आतून दुधासारखं पांढरं आणि तळाला जांभळा डाग. सकाळी मिटलेलं, सडपातळ, पेन्सिलीच्या टोकासारखं लाल. अकरा वाजता ऊन आलं की सहाच्या सहा पाकळ्या उघडून चांदणी होते आणि अख्खी कुंडी पांढरी. चारच्या सुमाराला परत लाल. मी त्या दिवसांत दुपारची झोप सोडली होती. हा इराण-अफगाणिस्तानपासून पश्चिम हिमालयापर्यंतचा रानटी ट्यूलिप, त्याला थंडी कमी पुरते, उन्हाळा कोरडा चालतो. नाव पडलंय कॅरोलस क्लूसियस या वनस्पतीशास्त्रज्ञावरून, १५९३ साली हा माणूस लायडनला बाग लावायला गेला आणि हॉलंडचं ट्यूलिपवेड तिथून पुढे. बघा, त्याचंसुद्धा नाव बल्बला चिकटून राहिलं दोनशेहून जास्त वर्षं. आणि कंपनीवाल्यांनो, तुम्हाला पिशवीला टॅग बांधता येत नाही.

हिशोब: सतरा फुलं. एक फूल एकशे अकरा रुपयांना. बाड्यावरच्या बाजारात झेंडूचा हार केवढ्याला मिळतो ते यांनी मला दोनदा ऐकवून झालंय.

ज्यांना घ्यायचंय त्यांनी पॅक घेऊच नका, सुटे क्लूसियाना आणि मस्कारी मिळाले तर तेच घ्या. फ्रिजमध्ये फळं असतील तर या नादाला लागू नका. बल्ब कोरडे आले असतील आणि दाबल्यावर पोकळ लागले तर तेव्हाच फोटो काढून ठेवा, सातव्या दिवसाच्या आत. आणि हायसिंथ पण मागवणार असाल तर हातमोजे घाला, त्याच्या सालीने सुरणासारखी खाज सुटते, कारणही तेच, कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया.

फुलं गेल्यावर पानं कापू नका, पिवळी पडू द्या, बल्ब त्यावरच पुढच्या सालाचं पोट भरतो. मी एप्रिलच्या मध्यापर्यंत थांबले, मग उकरले. हायब्रिडचे खतात टाकले, पुन्हा फुलतील ही आशा नाही. रेटिक्युलाटाची तर फुटून तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लं झालीत, त्यांना फुलायला कोण जाणे किती वर्षं. क्लूसियाना आणि मस्कारी धडधाकट निघाले, क्लूसियानाने तर दोन बाळंही दिलीत. आपल्या उन्हाळ्याची त्यांना भीती नाही, भीती पावसाळ्याची, ओल लागली की सडले. म्हणून कागदी पाकिटांत भरून जिन्यातल्या खिळ्याला टांगलेत, वारा लागतो तिथे.

स्टार तीन. चौथा लेबलांसाठी राखून ठेवलाय, सहा वेगळ्या पिशव्यांत पाठवा आणि घेऊन जा.

पाकिटांवर या वेळी पेन्सिलने लिहिलंय, ती ओलीने फुटत नाही. एका बाजूला माझ्या अक्षरात नाव. दुसऱ्या बाजूला सासूबाईंनी काल स्वतः बसून, प्रत्येकावर, ठळक: "कांदा नाही."