केमन का मॉरिशस? सांगलीतून कंपनी बाहेर न्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा

गेल्या दोन महिन्यांत तिघांनी मला हेच विचारलं. तिघंही विश्रामबागेतले, प्रत्येकाची आठ-दहा जणांची सॉफ्टवेअर कंपनी, क्लायंट बहुतेक अमेरिकेतले, आणि कुणीतरी सांगितलेलं की केमन बेटांवर टॅक्सच नाही, तिथं बाहेरच्या कंपन्यांसाठी खास सवलतींचा झोन आहे, कंपनी काढली की विषय संपला. मी सांगलीतच एका सीए ऑफिसात बाहेरच्या कंपन्यांचे कागद बघतो, म्हणून फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा लिहून टाकतो.

केमनमध्ये टॅक्स नाही हे खरंय. ना इन्कम टॅक्स, ना कंपनी टॅक्स, ना कॅपिटल गेन. सांगली-मिरज-कुपवाडच्या पाचव्या हिश्शाएवढीसुद्धा वस्ती नसलेली ही कॅरिबियन समुद्रातली, ब्रिटिशांच्या अखत्यारीतली बेटं, सगळा संसार बँकिंग आणि टुरिझमवर चाललेला, म्हणून तिसरं काहीतरी हवं यासाठी 2011 साली कायदा करून 2012 मध्ये केमन एंटरप्राइझ सिटी हा झोन सुरू केला. टेक, मीडिया, कमॉडिटी ट्रेडिंग असल्या डोक्याच्या धंद्यांसाठी. मालकी शंभर टक्के तुमची, लायसन आणि स्टाफचे व्हिसा पटापट, व्हिसा पाच वर्षांचा. पण झोनमध्ये खरंखुरं ऑफिस घ्यावं लागतं, तिथं बसून काम करणारा माणूस लागतो, आणि झोनच्या कंपनीला बेटावरच्या गिऱ्हाइकांशी धंदा करता येत नाही, धंदा बाहेरच्यांशीच. नुसती पाटी लावून सांगलीतून कारभार करायचा असेल तर हा झोन त्यासाठी नाहीच.

मॉरिशसची कथा वेगळी आहे. तिथल्या एबेन गावची सायबरसिटी, म्हणजे आयटी कंपन्यांची वसाहत, जिथं उभी आहे तिथं आधी उसाची शेतं होती, आपल्याकडच्या माणसाला हे चित्र लगेच समजेल. साखरेवर जगणाऱ्या देशानं आधी 1970 मध्ये एक्स्पोर्ट झोनचा कायदा करून कापडधंदा आणला आणि 2000 नंतर भारताच्या मदतीनं सायबर टॉवर बांधून आयटी आणि कॉल सेंटर आणले. तिथं कंपनी टॅक्स 15 टक्के आहे, पगारावरचा 20 टक्क्यांपर्यंत जातो.

आता म्हणाल शून्य कुठं आणि पंधरा कुठं. इथंच लोक फसतात. तुम्ही वर्षातले 182 दिवस सांगलीत राहिलात तर भारताच्या हिशेबात तुम्ही रहिवासी, मग जगात कुठूनही पगार येऊ दे की डिव्हिडंड, इथं टॅक्स लागणारच. कंपनीचे सगळे मोठे निर्णय इथं बसून घेतले तर ती कंपनीच भारतीय धरली जाऊ शकते, मात्र 50 कोटींपर्यंत उलाढाल असेल तर हा नियम लागत नाही. मॉरिशसशी आपला डबल टॅक्स टाळायचा करार आहे, त्यामुळं तिथं भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट इथं मिळतं. केमनशी तसला करार नाही, फक्त माहिती देण्याघेण्याचा आहे. म्हणजे तिथं वाचलेला टॅक्स तुम्ही इथं भरणार आणि तिथल्या बँक खात्याची माहिती आपल्या आयकर खात्याला मिळणार. शिवाय मॉरिशसच्या कंपनीमार्फत भारतातले शेअर विकून बिनटॅक्सचा नफा काढायचा जुना ‘मॉरिशस रूट’ही 2017 पासून बंद झालाय, त्या आशेवर जाऊ नका.

केमनचा खरा फायदा कुणाला? जो बायकापोरांसकट तिथं राहायलाच जाणारे, त्याला. न्यूयॉर्कच्या घड्याळात आणि तिथल्या घड्याळात फार तर एक तासाचा फरक, क्लायंटबरोबर दिवसाउजेडी काम होतं. पण टीम सांगलीत असेल तर तिथं सकाळचे नऊ म्हणजे इथं संध्याकाळचे साडेसात, म्हणजे पोरांना रात्रपाळीच. मॉरिशस फक्त दीड तास मागं. मुंबईहून थेट विमान आहे, केमनला अमेरिका किंवा लंडनमार्गे जावं लागतं आणि त्या ट्रान्झिट व्हिसाची वेगळी डोकेदुखी. खर्चाचंही बघा, केमनचं सरकार चालतं ते आयात ड्युटी आणि फीवर, साधारण 22 टक्के ड्युटी, आणि खाण्यापिण्याचं बहुतेक सगळं बाहेरून येतं. तिथला एक डॉलर म्हणजे 1.20 अमेरिकन डॉलर.

वादळाचं कुणी विचारत नाही, मी मुद्दाम सांगतो. 2019 च्या महापुरात आमचं ऑफिस गावभागात होतं, गुडघाभर पाण्यातनं फाइलींचे गठ्ठे खांद्यावरून माडीवर नेले, कॉम्प्युटरची डबडी टेबलावर टेबल रचून ठेवली तरी दोन गेलीच. 2004 मध्ये आयव्हन वादळानं ग्रँड केमनची अशीच दैना केली होती. मॉरिशसही सुटलेलं नाही, जानेवारी 2024 मध्ये तिथल्या राजधानीत, पोर्ट लुईत, रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या, पण एबेन आत उंचावर आहे. बेट कुठलंही घ्या, बॅकअप दुसऱ्या देशात हवाच.

माझं मत विचाराल तर टीम इथं ठेवून एकदोघं जाणार असाल तर मॉरिशस, डोळे झाकून. तिथं गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, शाळेत मराठी शिकता येतं, एकोणिसाव्या शतकात गेलेल्या आपल्याच माणसांची वस्ती आहे, घरच्यांना परकं वाटत नाही. तिघांपैकी एकाचं सगळं काम न्यूयॉर्कशी आहे, लग्न व्हायचंय आणि जायची तयारी आहे, त्याला मी केमन सांगितलं. दुसऱ्याची आई एकटी असते आणि तो महिन्यातून एकदा तरी सांगलीला येणार म्हणतोय, त्याला मॉरिशस. तिसऱ्याला इथून हलायचंच नाहीये, त्याला सांगितलं की बाबा तू आहे तिथंच कंपनी नीट चालव, एक्स्पोर्टचं जीएसटी रिफंड वेळेवर घे, त्यातच तुझे जास्त पैसे वाचतील.